सॅन स्टॉर्म: जुन्याच इंजिनाचं काम काढावं की दुसरं बसवावं?

वर्षानुवर्षं ताडपत्रीखाली उभी असलेली सॅन स्टॉर्म, म्हणजे फायबरच्या बॉडीची ती दोन माणसांची उघडी गाडी, पुन्हा रस्त्यावर आणायची म्हटलं की चिपळूणपासून म्हापशापर्यंत सल्ला एकच मिळतो: "ते रेनॉचं ११४९ सीसी काढून टाका आणि स्विफ्टचं तेराशे टाका. पार्ट तालुक्याला मिळतील." सल्ला वेडगळ नाही. १२९८ सीसीचं ते मारुती कुटुंब एस्टीम, जिप्सी, स्विफ्ट असं वर्षानुवर्षं चाललं आणि त्याचे पार्ट आजही सहज मिळतात. रेनॉचंच घराणं ठेवायचं तर लोगन किंवा व्हेरिटोचं १.४ पेट्रोल आहे. मूळच्या ६० अश्वशक्तीच्या जागी ७५ च्या आसपास ताकद मिळते आणि अशा हलक्या गाडीत ती जाणवते. आंबा घाट दोन माणसं आणि सामान घेऊन चढायचा असेल तर दुसरं इंजिन नक्कीच सुखाचं.

तरीही मी जुन्याच इंजिनाकडे झुकलो. पण आधी अदलाबदलीत काय काय येतं ते पाहू.

भंगारातून आणलेलं इंजिन हा खर्चाचा लहान भाग असतो. नुसतं इंजिन आणू नका. गिअरबॉक्स, दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट (चाकं फिरवणारे दांडे), ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), पूर्ण वायरिंग, पेट्रोल पंप आणि इमोबिलायझर (चोरीविरोधी कुलूप) असेल तर त्याची किल्ली, असा सगळा संच एकाच गाडीतला हवा. मग फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं ते आधार, नव्याने बनवायची. ती करताना दोन्ही शाफ्टचे कोन सारखे राहिले पाहिजेत. इंजिन जरा तिरकं बसलं की वेग घेताना स्टिअरिंग एका बाजूला ओढतं आणि आतले जॉइंट लवकर जातात. संप (इंजिनाखालची ऑइलची टाकी) गाडीच्या चौकटीच्या खाली लोंबता कामा नये, नाहीतर गावातल्या पहिल्याच गतिरोधकावर फुटेल. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि फायबरच्या बॉडीत चार-पाच सेंटीमीटर मोकळी जागा आणि मध्ये पत्र्याची ढाल हवीच, कारण उष्णतेनं फायबरमधलं रेझिन आधी पिवळं पडतं, मग ठिसूळ होतं. रेडिएटर, गिअरची लिंकेज, स्पीडोमीटर, ब्रेक हे सगळं पाठोपाठ येतंच. चांगला फॅब्रिकेटर हे सगळं करू शकतो.

माझं घोडं अडलं ते अर्थिंगवर.

पत्र्याच्या गाडीत बॉडी हीच बॅटरीची निगेटिव्ह तार असते, दिवा कुठेही स्क्रूनं टेकवला की पेटतो. फायबरच्या बॉडीत ही सोय नाही. प्रत्येक दिव्याची, पंपाची, सेन्सरची निगेटिव्ह तार वेगळी ओढून खालच्या लोखंडी चौकटीपर्यंत न्यावी लागते. मूळ वायरिंगमध्ये ती तशी नेलेली आहे. इंजिन बदललं की एका गाडीचं वायरिंग दुसऱ्या गाडीच्या वायरिंगला जोडावं लागतं आणि डॅशबोर्डखाली नव्या जोडांचा गुंता तयार होतो. तार पिळून वर काळी टेप मारलेला जोड घाटावर दहा वर्षं टिकेल कदाचित. किनाऱ्यावर खारी हवा टेपच्या आत शिरते आणि एक-दोन पावसाळ्यांत तांबं हिरवं पडतं.

यातला खरा वैताग असा की गाडी बंद पडत नाही, ती लहरी होते. कूलंट टेम्परेचर सेन्सरच्या निगेटिव्हमध्ये थोडा रोध वाढला की ईसीयूला इंजिन आहे त्यापेक्षा थंड वाटतं. तो पेट्रोल वाढवतो, प्लग काळे पडतात, ॲव्हरेज घसरतं. मेकॅनिक प्लग बदलतो, मग सेन्सर बदलतो, दोष तिथेच राहतो. मे महिन्यात सगळं ठीक, आषाढात पुन्हा तेच. इंजिन ते चौकट ही जाड पट्टी कमजोर झाली तर स्टार्टरचा करंट ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो आणि केबल तापून आतून चिकटते. शोधायची रीत सोपी आहे: मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिन ब्लॉकला लावा आणि स्टार्टर मारा. ०.२ ते ०.३ व्होल्टपर्यंत चालेल, ०.५ च्या वर गेला तर पट्टी आणि टोकं साफ करा. पण पन्नास जोडांपैकी नेमका कोणता बिघडला हे मीटर एका झटक्यात सांगत नाही. आणि अशा मिश्र वायरिंगचा नकाशा कोणत्याच मॅन्युअलमध्ये नसतो. ज्यानं ते केलं त्याच्या डोक्यात असतो, आणि तो माणूस तोवर दुबईला गेलेला असतो.

जुन्या इंजिनाच्या कामात डोकेदुखी पार्टची आहे, हे मान्य. हे इंजिन युरोपात क्लिओ आणि ट्विंगोमध्ये भरपूर चाललं, त्यामुळे गॅस्केट, रिंगा, टायमिंग बेल्ट बाहेरून मागवता येतात. वाट बघावी लागते इतकंच. आधी गरम इंजिनाचं कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजा: चारही प्लग काढून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून. एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा १५ टक्क्यांहून खाली असेल तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. पुष्कळदा हेडचंच काम पुरतं.

बोअर करावाच लागला, म्हणजे झिजलेला सिलिंडर कापून मोठा करावा लागला, तर एक पथ्य पाळा: ओव्हरसाइज पिस्टन हातात पडल्याशिवाय ब्लॉक मशिनला लावू देऊ नका. आधी बोअर करून मग पिस्टन शोधत बसलेली इंजिनं तशीच गोणपाटात पडून राहतात. पिस्टन मिळतच नसतील तर लायनर (सिलिंडरच्या आत बसवायची नळी) टाकून मूळ मापावर आणा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात हे रोजचं काम आहे. क्रँक ग्राइंडिंगलाही हाच नियम: आधी बेअरिंग, मग दगड. टायमिंग बेल्ट किलोमीटर न बघता बदला, उभ्या गाडीतही रबर म्हातारं होतं.

ब्लॉक तोच राहिला की इंजिन नंबरही तोच राहतो. या गाड्यांनी १५ वर्षं केव्हाच ओलांडलीत, दर ५ वर्षांनी आरटीओपुढे उभं राहायचंच आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार दुसऱ्या जातीचं इंजिन आधी मंजुरी घेतल्याशिवाय बसवता येत नाही आणि फेरफाराबाबतची ही कडक भूमिका सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये उचलून धरली. विमा कंपनीला दावा नाकारायला आयतं कारण मिळतं, ते वेगळंच.

ताकदीचं म्हणाल तर आरे-वारेच्या वळणांवर किंवा जैतापूर-देवगड बाजूच्या अरुंद रस्त्यावर ६० अश्वशक्ती कमी पडत नाहीत. तिथे समोरून एसटी येते.

अदलाबदल कधी करावी? कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला असेल, किंवा ब्लॉकला पाण्याच्या जाकिटात तडा असेल तर. तेव्हा लोगनचा संच घ्या, आधी आरटीओची मंजुरी मिळवा आणि वायरिंगवर सर्वात जास्त पैसे घाला: टिन केलेली तांब्याची तार, क्रिम्प केलेले (पकडीनं दाबून बसवलेले) जोड, वर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक (गरम केली की आवळणारी) नळी, चौकटीवर एकच जाड अर्थ पॉइंट. प्रत्येक तारेला नंबर आणि कागदावर नकाशा, तोही वायरमन दुकानात असेपर्यंत काढून घ्या.