सायकलच्या हँडलचे कप: घरी बसवायचे की मिस्त्रीकडे?

हँडल वळवताना कटकट जाणवली, की हेडसेट उघडायचा. हेडसेट म्हणजे फ्रेमच्या पुढच्या नळीच्या दोन्ही टोकांना बसवलेले कप, म्हणजे वाट्या, आणि त्यातले छर्रे; त्यांवरच हँडल फिरतं. जळगाव-भुसावळकडे उन्हाळ्यात काळ्या मातीची धूळ ग्रीसमध्ये शिरते आणि छर्रे घासायला लागतात.

नुसते छर्रे आणि ग्रीस बदलायचं असेल तर घरीच करा. 1 इंची, आट्यांच्या हेडसेटला बहुतेक वेळा 32 मिमीचा पाना लागतो. खाली जुनी चादर अंथरा, नाहीतर छर्रे खाटेखाली शोधत बसाल.

नवे कप बसवणं मात्र वेगळं. हातोडीने ठोकले की कप तिरका जातो, फ्रेमची नळीही फाकू शकते. लांब आट्यांचा रॉड, जाड वायसर आणि दोन नट घेऊन कप हळूहळू दाबत नेता येतो. मी असंच केलं, अख्खी दुपार गेली. मिस्त्रीकडे प्रेस, म्हणजे कप सरळ दाबून बसवायचं हत्यार, असेल तर काही मिनिटांचं काम. नसेल तर तोही हातोडीच उचलणार, म्हणून आधी विचारा. कार्बनची फ्रेम असेल तर घरी हातच लावू नका.

काम कुणीही करो, शेवटी पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवा. टकटक लागली तर हेडसेट ढिला आहे, हँडल जड फिरलं तर जास्त आवळलाय.