हेडफोनने पंखा गप्प केला, माणसं नाही

नॉइज कॅन्सलिंग, म्हणजे बाहेरचा आवाज दाबणारा हेडफोन घेतलाय, कान पूर्ण झाकणारा, मोठ्या गाद्यांचा. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये कारण खाली जे लिहिलंय ते या प्रकारातल्या जवळपास सगळ्याच हेडफोनना लागू आहे. घ्यायचं कारण गाणी नव्हती. कारण माणसं होती.

कुठली माणसं, तर फोन स्पीकरवर टाकून तोंडासमोर आडवा धरून बोलणारी, म्हणजे समोरच्याचं पण सगळं आपण ऐकायचं. कानाला लावायला काय होतं देव जाणे. मग ती, जी मोबाईलवर तोच एक व्हिडिओचा तुकडा फुल आवाजात परत परत वाजू देतात आणि स्वतः भलतीकडेच बघत असतात. विचार करताना पेनाचं बटण टकटक टकटक दाबणारी. दर वाक्याला "बेसिकली" लावणारी. आणि "राग मानू नकोस हं, पण एक सांगू का" म्हणून हमखास राग येईल असंच काहीतरी सांगणारी. या शेवटच्या जमातीवर कुठलंच यंत्र चालणार नाही हे मलाही कळतं, पण यादीत राहू दे.

आधी चांगलं सांगतो. बटण दाबलं की पंखा गेला. एसीची घरघर गेली, गाडीत बसलो तर इंजिनाची धडधड नव्वद टक्के तरी गायब, हा आकडा माझ्या कानाचा आहे, मोजलेला नाही. सुरुवातीला कानावर दाब आल्यासारखं वाटतं, काही लोकांना ते अजिबात सहन होत नाही, मला सवय झाली. गाद्या मऊ आहेत. चष्मा असेल तर मात्र काडीमुळे गादी आणि डोकं यांच्यात बारीकशी फट राहते आणि तिथून आवाज आत शिरतो, जाड काडीचा चष्मा असेल तर घ्यायच्या आधी घालून बघाच. उकाड्यात कान घामाघूम होतात, त्याला इलाज नाही.

आता खरी गोष्ट. पंखा बंद झाला की त्याच्याखाली दबलेली माणसं वर येतात. आधी पलीकडच्या टेबलावरचं बोलणं नुसतं गुणगुण म्हणून ऐकू यायचं, आता कोणाच्या मेव्हण्याने कोणाला किती दिवस फोन केला नाही हे स्वच्छ कळतं. पहिल्यांदा वाटलं पीस खराब आलाय. तर नाही, ते असंच चालतं. बाहेरचा आवाज माइक पकडतो, आतलं सर्किट त्याच्या बरोब्बर उलट लहर तयार करतं, दोन्ही एकमेकांना मारतात. हे जमतं ते एकसुरी, खालच्या पट्टीच्या आवाजाला, साधारण हजार हर्ट्झच्या आतल्या. बोलण्यातला जो भाग आपल्याला शब्द कळवतो, स, श, च, ट वगैरे, तो बराचसा त्याच्या वर असतो, आणि बोलणं क्षणाक्षणाला बदलतं. वरच्या पट्टीचे आवाज अडवायचं काम गादीचं, सर्किटचं नाही. पेनाची टकटक तर इतकी अचानक येते की सर्किटला काही करायला वेळच मिळत नाही.

आणि मुळात ही आयडिया माणसांसाठी निघालीच नव्हती. उलट लहरीने आवाज मारायचं पेटंट पॉल ल्यूग या जर्मन संशोधकाला १९३६ मध्ये अमेरिकेत मिळालं. बोस या ऑडिओ कंपनीचे संस्थापक अमर बोस यांना अशा हेडफोनची कल्पना १९७८ मध्ये विमानात सुचली, आणि त्यांच्या कंपनीचा वैमानिकांसाठीचा हेडसेट १९८९ मध्ये बाजारात आला. म्हणजे सगळा जन्म इंजिनाशी भांडण्यात गेलेला. शेजारच्या सीटवरच्या काकांशी त्याचं कधी वैर नव्हतंच. पण खोक्यावर हे कुठे लिहितात? खोक्यावर डोळे मिटून हसणारा माणूस असतो.

फोनवर बोलणाऱ्यांचा सगळ्यात जास्त त्रास का होतो हेही यानिमित्ताने वाचलं. २०१० मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं की दोघांचं पूर्ण संभाषण कानावर पडलं तर लोकांचं लक्ष तेवढं उडत नाही, जेवढं एकाच बाजूचं अर्धं ऐकल्यावर उडतं. कारण पुढे काय येणार याचा अंदाज लागत नाही आणि डोकं उगाच गाळलेल्या जागा भरत बसतं. "नाही... नाही गं... अगं पण तो म्हणाला काय... हं... मग?" आता सांगा, मग काय? मी काम सोडून तिथेच अडकलेलो. या हिशोबाने स्पीकरवरचा फोन कमी त्रासाचा ठरायला हवा, दोन्ही बाजू ऐकू येतात म्हणून. पण तो इतका खरखरीत आणि मोठा असतो की मी हे मानायला तयार नाही.

मचमच करत खाणारे. गादीमुळे थोडा फरक पडतो, पूर्ण नाही. वर एखादं गाणं किंवा पावसाचा आवाज लावला तर झाकलं जातं, म्हणजे शेवटी एका आवाजावर दुसरा आवाज घालूनच भागवायचं. आणि स्वतः हेडफोन घालून काही खाऊ नका, कान बंद असले की आपलंच चावणं डोक्यात धाडधाड ऐकू येतं. ज्यांना अशा आवाजांनी नुसती चिडचिड नाही तर अक्षरशः संताप येतो त्यांच्या त्रासाला मिसोफोनिया म्हणतात, त्यांनी नुसत्या हेडफोनवर भरवसा ठेवू नये, डॉक्टरशी बोलावं.

कॉलसाठी माइक ठीक आहे. फक्त सेटिंगमध्ये स्वतःचा आवाज कानात परत सोडायचा पर्याय असेल तर तो चालू करा, नाहीतर आपण किती मोठ्याने बोलतोय ते कळत नाही आणि मग अख्खी खोली वळून बघते. आसपास गोंगाट असला की माणूस आपोआप आवाज चढवतो, हे लोम्बार्ड नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १९११ मध्येच लिहून ठेवलंय, आणि कानात गाणं वाजत असलं तरी तेच होतं.

पाचपैकी साडेतीन. प्रवास जास्त असेल, यंत्रांच्या घरघरीत बसायचं असेल तर बिनधास्त घ्या. माणसांपासून सुटका म्हणून घेणार असाल तर कानात घालायचे साधे फोमचे बोळेसुद्धा बोलण्याच्या बाबतीत वाईट नाहीत, आणि ते चार्ज करावे लागत नाहीत.

हां, एक फायदा मी धरून चाललो होतो, की एवढा मोठा हेडफोन दिसल्यावर लोक समजून घेतील. तर परवा एकजण आला, आधी डोळ्यांसमोर हात हलवला, मग खांद्यावर टपली मारली. मी एक कान मोकळा केला.

"काय ऐकतोयस?"

"काही नाही, नुसताच लावलाय."

"अरे मग ऐक ना," म्हणाला आणि खुर्ची ओढून बसला.