पायइन्स्टॉलर, काही महिने वापरल्यावर: फाइल समोर आहे, तरी म्हणे सापडत नाही

पायइन्स्टॉलर काय करतो हे इथे सांगत बसत नाही. पायथनचा प्रोग्रॅम, सोबत इंटरप्रिटर (पायथनचा कोड चालवणारा प्रोग्रॅम) आणि लायब्ररी (इतरांनी लिहिलेला तयार कोड), सगळं बांधून एक ईएक्सई, म्हणजे डबल-क्लिक करून उघडायची फाइल देतो. फुकट आहे. माझं काम एका हार्डवेअरच्या दुकानासाठी स्टॉकचा छोटा प्रोग्रॅम करून देण्याचं होतं. मालकांना बारकोड स्कॅनर विकत घ्यायचा नव्हता, कारण घरात जुना वेबकॅम पडून होता. म्हणून बारकोड वाचायला पायझेडबार ही लायब्ररी आली (तिच्या आत झेडबार नावाचं सॉफ्टवेअर असतं), आणि पुढचं सगळं रामायण तिथून.

आधी सोपं प्रकरण. तारीख निवडायला टीकेकॅलेंडर ही लायब्ररी वापरली होती. माझ्या मशीनवर चाललं, ईएक्सई उघडल्यावर ‘नो मॉड्यूल नेम्ड बेबल.नंबर्स’, म्हणजे या नावाचं मॉड्यूल (कोडचा तुकडा) नाही. पायइन्स्टॉलर कोड न चालवता वाचतो आणि जे इम्पोर्ट (मॉड्यूल मागवणाऱ्या ओळी) दिसतील तेवढेच उचलतो. चालताना आयत्या वेळी मागितलेलं मॉड्यूल त्याला कसं दिसणार? बिल्ड करताना --हिडन-इम्पोर्ट हा पर्याय लावून बेबल.नंबर्सचं नाव दिलं, विषय संपला. असल्या एररला मी पूर्ण मार्क देतो: काय नाही ते नावानिशी सांगते. बिल्ड फोल्डरमध्ये वॉर्न नावाने सुरू होणारी एक टेक्स्ट फाइल पडते, तिच्यात न मिळालेल्या मॉड्यूलांची यादी असते. पीडब्ल्यूडी, जीआरपी असली नावं विंडोजवर दिसली तर घाबरू नका, ती लिनक्सकडची आहेत.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसलो ते. दुकानातल्या पीसीवर प्रोग्रॅम उघडला की मेसेज यायचा: लिबझेडबार-६४.डीएलएल हे मॉड्यूल सापडत नाही. (डीएलएल म्हणजे प्रोग्रॅमला चालताना लागणारी विंडोजची लायब्ररी फाइल; ही झेडबारची.) फोल्डर उघडला तर फाइल डोळ्यांसमोर. मालक शेजारी उभे. म्हणाले, “अहो, हे काय इथं दिसतंय की! मग नाही कसं म्हणतंय?” त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. पाथ (फाइलचा पत्ता) बदलला, फाइल ईएक्सईच्या शेजारी आणून ठेवली, परत बिल्ड केलं. मेसेज तोच, अक्षरही इकडचं तिकडे नाही.

त्या मेसेजमध्ये फाइलच्या नावानंतर कंसात चार-पाच शब्द असतात, पायथन ३.८ पासून घातलेले: किंवा ही फाइल ज्यांच्यावर अवलंबून आहे त्यांपैकी एखादी. खरी गोम तिथे. झेडबारच्या डीएलएलला मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल सी प्लस प्लस २०१३ चा रनटाइम (चालताना लागणारा आधार), म्हणजे एमएसव्हीसीआर१२०.डीएलएल लागते. माझ्या लॅपटॉपवर ती दुसऱ्या कुठल्यातरी सॉफ्टवेअरने केव्हाच आणून बसवली होती, त्यामुळे इथे कधी कुरकुर नाही. दुकानात ती नव्हती आणि माझ्या पॅकेजातही गेली नव्हती. विंडोज पायथनला फक्त १२६ नंबरची एरर देतं, नक्की कोण गैरहजर आहे ते सांगत नाही. मग पायथन बिचारं जे नाव माहीत आहे तेच पुढे करतं. गैरहजर एक आणि छडी हजर असलेल्याला!

एखादी डीएलएल कुठल्या फाइलींवर अवलंबून आहे ते दाखवणारं डिपेन्डन्सीज नावाचं फुकट टूल आहे. ते दुकानातल्याच पीसीवर चालवून त्यात झेडबारची डीएलएल उघडली आणि न मिळालेलं नाव लगेच समोर आलं. हे टूल आपल्या मशीनवर चालवून उपयोग नाही, तिथे सगळंच असतं. मग २०१३ चं रीडिस्ट्रिब्युटेबल (तो रनटाइम बसवणारा इन्स्टॉलर) टाकलं आणि वेबकॅमने खिळ्यांच्या पाकिटावरचा बारकोड पहिल्या झटक्यात वाचला. यूएसबी स्कॅनर कीबोर्डसारखा आकडे टाइप करतो, त्याला यातलं काहीच लागलं नसतं, हे मी मालकांना सांगितलं. ते हसले. स्कॅनर अजून आलेला नाही.

पायइन्स्टॉलरच्या वनफाइल, म्हणजे सगळं एकाच फाइलीत बांधण्याच्या पर्यायाबद्दल माझं मत सुरुवातीला फार चांगलं होतं. एकच ईएक्सई, पेनड्राइव्हवर टाका आणि द्या. पण ती दर वेळी उघडताना आतल्या सगळ्या फाइली टेम्प (तात्पुरत्या) फोल्डरमध्ये उलगडते. जुन्या हार्ड डिस्कवर तेवढ्या वेळात गिऱ्हाईक नटबोल्ट निवडून उभं असतं. टास्क मॅनेजरमधून बंद केली की _एमईआय नावाचा फोल्डर तिथेच राहतो, आणि असे फोल्डर साचत जातात. म्हणून आता वनडिर, म्हणजे सगळं एका फोल्डरमध्ये ठेवणारा पर्याय. पायइन्स्टॉलरच्या सहाव्या आवृत्तीपासून बाकीचा पसारा _इंटर्नल फोल्डरमध्ये जातो आणि ईएक्सई एकटी स्वच्छ दिसते. मला हे फार आवडलं होतं.

(नंतरची भर: आता तेवढं आवडत नाही. एकटी दिसते म्हणून दुकानातल्या मुलाने ईएक्सई तेवढी उचलून डेस्कटॉपवर ठेवली. लगेच ‘फेल्ड टू लोड पायथन डीएलएल’ आणि मला फोन. आता शॉर्टकट मीच करून देतो आणि फोल्डर सी ड्राइव्हच्या आत खोल ठेवतो. बिल्ड फोल्डरमधली ईएक्सई चालवली तरी हीच एरर येते. द्यायची असते ती डिस्ट फोल्डरमधली.)

यूपीएक्स (फाइली दाबून लहान करणारं टूल) लावून साइझ कमी करू नका. काही डीएलएल त्यात बिघडतात, अँटिव्हायरस जास्त भुंकतो, आणि वाचलेले चार एमबी कोणी मोजत नाही. विंडोड मोडही (प्रोग्रॅममागची कन्सोलची काळी खिडकी लपवणारा पर्याय) सगळं नीट चालल्यावरच लावा. काळी खिडकी गेली की तिच्यात छापल्या जाणाऱ्या एररही तिच्याबरोबर जातात.

पाचपैकी चार. कापलेला एक मार्क खरं तर विंडोजचा आहे, पण विंडोजचा रिव्ह्यू मी लिहीत नाहीये. मालकांच्या गोडाउनमध्ये अजून विंडोज ७ आहे. तिथे पायथन ३.८ च्या पुढे जाता येत नाही, म्हणून त्या एका पीसीसाठी वेगळं बिल्ड ठेवलंय. त्याचे पैसेही वेगळे लावतो.