चषकांची राणी आणि तलवारींची राणी
सोलापुरी चादरीवर टॅरोची, म्हणजे भविष्य व मनाचा कौल पाहण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या चित्रपत्त्यांची, ही दोन पाने शेजारी मांडली की माझी नजर आधी हातांकडे जाते. पामेला कोलमन स्मिथ यांनी रेखाटलेल्या, १९०९ मध्ये लंडनमध्ये प्रकाशित झालेल्या संचात चषकांची राणी पाण्याच्या काठी बसून हातातल्या नक्षीदार चषकाकडे एकटक पाहते. संचातले बहुतेक चषक उघडे असताना हा मात्र झाकलेला आहे, म्हणून तिची माया मला मनातच जपलेली वाटते.

तलवारींच्या राणीने तलवार सरळ उभी धरली आहे आणि डावा हात पुढे केला आहे. हा संच ज्यांच्या कल्पनेतून साकारला त्या आर्थर वेट यांनी या पानाचा अर्थ वैधव्य, शोक व विरह असा दिला. मला तो अपुरा वाटतो, कारण तिच्या मुकुटावर फुलपाखरे आहेत, म्हणजे कोश फोडून बाहेर पडण्याची खूण आहे, आणि तो पुढे आलेला हात समोरच्याला जवळ बोलावतो.

सिद्धेश्वर तलावाच्या काठी एखाद्या मैत्रिणीने दुरावलेल्या बहिणीविषयी विचारले, तर मी पहिल्या राणीवर बोलेन. पण घराच्या वाटणीत स्पष्ट शब्द हवे असतील, तेव्हा दुसरीच अधिक उपयोगी पडते.