मेटल डिटेक्टर घेतलाय, नाणं किती खोल सापडतं ते खरं खरं सांगतो

गणपतीत घरी सगळे जमले की पणजीच्या हंड्याचा विषय निघतोच, तसा यंदाही निघाला, फणसाखाली पुरलाय म्हणे, आणि मग मुंबईच्या चुलतभावाने तिथल्या तिथे मोबाईलवर मशीन ऑर्डर केलं. साडेनऊ हजार, चौघांत वर्गणी. तो गेला परत चाकरीला आणि मशीन राहिलं गुहागरात माझ्या पडवीत, त्यामुळे दोन महिने मीच वापरतोय. ब्रँडचं नाव टाकत नाही कारण या किमतीतली सगळी मशीनं थोड्याफार फरकाने अशीच निघतील, दहा इंची गोल कॉइल म्हणजे जमिनीवरून फिरवायची तारेच्या वेटोळ्याची थाळी, छोटा स्क्रीन, हेडफोनचं भोक, दोन नऊ व्होल्टच्या बॅटऱ्या.

जाहिरातीत लिहिलंय खोली ३ मीटर. हे वाचूनच आमच्या आबांनी खड्डा कुठे पाडायचा ते ठरवून टाकलं होतं. पण पुस्तिकेत बारीक अक्षरात बघितलं तर ते ३ मीटर म्हणजे मोठा पत्रा वगैरे असेल तर, आणि नाण्यासाठी २२ सेंटिमीटर, तेही हवेत! म्हणजे मध्ये माती नसताना.

म्हणून आधी टेस्ट घेतली. दहाचं नाणं, एकाचं नाणं, आत्याच्या डब्यातलं जुनं अकरा कोनी दोन रुपयाचं आणि एक अ‍ॅल्युमिनियमचं षटकोनी वीस पैशांचं. आगरात माडाखाली जिथे पुळणीची वाळू मिसळलेली भुसभुशीत जमीन आहे तिथे पट्टी धरून खड्डे केले, नाणी आडवी ठेवली, माती दाबली. दहाचं १८ सेंटिमीटरवर स्वच्छ वाजलं, २० वर कुं कुं करत होतं म्हणजे आहे असं माहीत असेल तरच ऐकू येणारं, पुढे गप्प. जुनं दोनचं १७. वीस पैसे १४-१५. म्हणजे सरळ भाषेत सांगायचं तर एक वीत. वीत पसरा, तेवढी खोली, त्याच्या पुढे नशीब. आणि तेच नाणं खड्ड्यात उभं रोवलं तर ११ वरच आवाज गेला, कारण कॉइलला नाण्याचा चेहरा नाही, नुसती कड दिसते.

वीतच का, याचं कारण असं की अंतर दुप्पट झालं की सिग्नल निम्मा होत नाही, जवळजवळ ६४ वा भाग उरतो. कॉइलमधून निघालेलं चुंबकीय क्षेत्र खाली जाताना अंतराच्या घनाने कमी होतं आणि नाण्याकडून येणारं उत्तरही वर येताना तसंच घनाने कमी होतं. त्यामुळे दुप्पट पैसे टाकून दुप्पट खोली मिळेल असं ज्यांना वाटतंय त्यांनी इथेच थांबा, महागड्या मशीनला नाण्यामागे वरचे चार-सहा इंच मिळाले तरी खूप. मोठी कॉइल लावली तर थोडं खोल जातं पण बारीक नाणी मग निसटतात.

आता खरी भानगड, आपली लाल माती. आगर सोडून घरामागे गेलो, तिथे जांभ्याचा गडगा आणि सगळी चिऱ्याची लाल भुकटी. जांभ्यात लोखंड ठासून भरलेलं असतं, मशीन नुसतं ठेवलं तरी कावळ्यासारखं ओरडत होतं. ग्राउंड बॅलन्सचा, म्हणजे मातीतल्या लोखंडाचा आवाज दाबायचा, खटका फिरवून, सेन्सिटिव्हिटी निम्म्यावर आणून एकदाचं शांत केलं तर दहाचं नाणं १० सेंटिमीटरवरच संपलं. म्हणजे निम्मी वीत गेली मातीच्या घशात. माझ्या मशीनला ग्राउंड बॅलन्स हाताने करावा लागतो, तुमच्या भागात जांभा असेल तर ही सोय नसलेलं मशीन फुकट दिलं तरी घेऊ नका.

समुद्रावर दोन जग आहेत. सुरूच्या बनाजवळची कोरडी वाळू एक नंबर, तिथे आगरापेक्षाही बरं चालतं. पण ओहोटीला जिथून पाणी नुकतंच मागे गेलंय त्या ओल्या वाळूत खाऱ्या पाण्यातून वीज वाहते आणि एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणारं मशीन त्यालाच धातू समजतं. त्यात रत्नागिरीच्या किनाऱ्यावर इल्मेनाइटची, म्हणजे लोखंड असलेल्या खनिजाची, काळी वाळू आहे, ओहोटीला पट्टे दिसतात बघा, त्या पट्ट्यावर कॉइल गेली की परत बोंब. ओल्या वाळूसाठी मल्टी फ्रिक्वेन्सी (एकदम अनेक फ्रिक्वेन्सीवर चालणारं) किंवा पल्स इंडक्शनवालं (विजेचे झटके सोडून धातू हुडकणारं) लागतं, ते या बजेटमध्ये विसरा.

आणि एक गोष्ट ज्याच्यावर मी आठवडा घालवला. एकाचं नाणं 'कॉइन' मोडवर वाजतच नव्हतं, पाच सेंटिमीटरवर सुद्धा नाही! मला वाटलं मशीन खराब, रिटर्नचा फॉर्म पण भरला. मग फ्रिजचं चुंबक लावलं तर नाणं टपकन चिकटलं. हल्लीची एक-दोनची नाणी फेरिटिक, म्हणजे चुंबकाला चिकटणाऱ्या, स्टेनलेस स्टीलची असतात, त्यामुळे मशीन त्यांना खिळ्यात काढतं, लोखंड गाळायला सांगितलं की नाणीही गाळतं. दहाचं वाजतं कारण त्याचं बाहेरचं पिवळं कडं अ‍ॅल्युमिनियम ब्राँझचं आहे. मग ऑल मेटलवर, म्हणजे काहीच न गाळणाऱ्या मोडवर टाकून एकाचं नाणं १३ सेंटिमीटरपर्यंत मिळालं, स्क्रीनवरचा धातू ओळखायचा आकडा मात्र उड्या मारत होता.

ऑल मेटलवर काय काय मिळतं ते ऐका, बिअरची बुचं, कॅनच्या कड्या, छत्रीच्या काड्या, जाळ्याचं शिसं, जाळ्याचं शिसं आणि परत जाळ्याचं शिसं. दोन महिन्यांत कोरड्या वाळूत ८७ रुपये आणि एक भोकाचा पैसा सापडला, १९४३ चा, तो मात्र बघत राहिलो रात्रभर. पिनपॉइंटचं, म्हणजे वस्तूची नेमकी जागा दाखवणारं, बटण चांगलं आहे, खुरप्याने उकरताना चार बोटांच्या आत नाणं येतं. बॅटऱ्या पाचेक दिवस जातात.

किल्ल्यावर नेऊ नका हा, सुवर्णदुर्ग असो की विजयदुर्ग, संरक्षित जागा आहेत, पोलीस मशीन पण घेतील आणि तुम्हालाही. आणि स्वतःच्या आगरात जरी घबाड मिळालं तरी १८७८ चा निखात निधीचा कायदा आहे, दहा रुपयांच्या वरचा पुरलेला ठेवा कलेक्टरला कळवावा लागतो. हे ऐकल्यावर आबांचा उत्साह जरा बसला.

फणसाखाली? वाजलं ना, दणदणीत वाजलं. मोठी वस्तू वीतभराच्या खालूनही लागते. दोन फूट खणलं, सगळी भावकी गोळा, आत्या देवापुढे दिवा लावून आली, आणि निघालं सिमेंट सुकलेलं गंजकं घमेलं. आबांनी लगेच ओळखलं, संडास बांधला तेव्हा गवंड्याने हरवलं म्हणून त्याचे पैसे कापले होते.

तीन स्टार. एक स्टार त्या ३ मीटरसाठी कापला, एक जांभ्यासाठी.