रक्ताचे डायलिसिस की पोटाचे? रक्तवाहिन्यांचा विचार करून निवडताना

'आता डायलिसिसची तयारी करा' असे डॉक्टरांनी सांगितले की घरात चर्चा होते ती खर्चाची, वेळेची आणि सुयांची. हे मुद्दे महत्त्वाचे आहेतच, पण मूत्रपिंडाच्या जुनाट आजारात अनेक रुग्ण हृदयविकाराने दगावतात, म्हणून निवड करताना रक्तवाहिन्यांचा विचार आधी व्हावा असे मला मनापासून वाटते. मी सुरुवातीला हीमोडायलिसिस, म्हणजे मशीनमधून रक्त गाळून घेण्याचे रक्ताचे डायलिसिस केले, आता सीएपीडीवर, म्हणजे पोटाच्या डायलिसिसवर आहे. यात नळीने पोटात द्रावण सोडतात आणि पोटाच्या आतल्या पडद्यातून रक्तातली घाण व जास्तीचे पाणी त्यात उतरते.

रक्तवाहिन्यांच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो. तो नायट्रिक ऑक्साइड तयार करून वाहिनी लवचीक ठेवतो आणि रक्ताला आतल्या आत गोठू देत नाही. आपण खाल्लेल्या प्रथिनांमधल्या ट्रिप्टोफॅनपासून आतड्यातले जिवाणू इंडोल बनवतात आणि यकृत त्याचे इंडॉक्सिल सल्फेट करते. प्रथिनांमधल्याच टायरोसिनपासून अशाच वाटेने पी-क्रेसिल सल्फेट तयार होते. निरोगी मूत्रपिंडाच्या नलिका ही द्रव्ये रोज लघवीत टाकतात. मूत्रपिंड थकले की ती रक्तात साचतात, अस्तराच्या पेशींमध्ये ऑक्सिडेशनचा ताण वाढवतात, नायट्रिक ऑक्साइड कमी करतात आणि गुठळी होण्याची प्रवृत्ती वाढवतात. अडचण अशी की यांचा ९० टक्क्यांहून अधिक भाग रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटलेला असतो आणि डायलिसिसच्या पडद्यातून फक्त मोकळा भाग बाहेर पडतो.

त्यामुळे हीमोच्या चार तासांच्या एका सत्रात युरिया सुमारे दोन-तृतीयांशाने उतरतो, पण इंडॉक्सिल सल्फेट जेमतेम एक-तृतीयांशाने. पोटाच्या डायलिसिसचा पडदा ही चिकट द्रव्ये त्याहूनही कमी काढतो, म्हणजे निव्वळ पडद्यांची तुलना केली तर हीमो पुढे आहे, हे मान्य केले पाहिजे. मात्र या द्रव्यांचा निचरा करण्यात उरल्यासुरल्या मूत्रपिंडाचा वाटा मोठा असतो, आणि ते मूत्रपिंड पोटाच्या डायलिसिसवर सहसा जास्त काळ टिकते. माझे पारडे झुकले ते आधी इथे.

पण खरा निर्णय केला तो वजनकाट्याने. सत्राआधी काट्यावर उभे राहायचे आणि सिस्टरने विचारायचे, "काका, आज किती आणलंत?" मुंबईच्या ऑक्टोबरच्या उकाड्यात, लोकलमधून घामाघूम होऊन उतरलेल्या माणसाने दिवसभराचे पाणी मोजून प्यावे, हे मला कधीच नीट साधले नाही. दोन सत्रांमध्ये साठलेले दोन-तीन किलो पाणी मशीन चार तासांत ओढून घेई. तिसऱ्या तासाला पोटऱ्यांत गोळे येत, रक्तदाब कोसळे, पाय वर करून सलाइन द्यावे लागे, आणि पुढचा पूर्ण दिवस अंगात त्राण नसे. हा प्रश्न केवळ थकव्याचा नाही. रक्तदाब असा वारंवार पडला की शिल्लक मूत्रपिंडाला मार बसतो. शिवाय आतड्यांचा रक्तपुरवठा घटून जिवाणूंची विषे रक्तात झिरपण्याची शक्यता वाढते, आणि तीही त्याच अस्तराला सुजवतात. सीएपीडीत पाणी दिवसभर हळूहळू निघते. पथ्य सुटत नाही, पण गोळे आणि तो मेलेला दुसरा दिवस माझ्या आयुष्यातून गेले.

त्रास इथेही आहे. दिवसातून चार वेळा दोन लिटरची पिशवी बदलायची आणि त्या वेळी जंतू उडू नयेत म्हणून पंखा बंद, खिडक्या बंद, तोंडाला मास्क. मे महिन्यात तो अर्धा-पाऊण तास म्हणजे परीक्षाच असते. महिन्याभराच्या पिशव्यांचे खोके आमच्या परळच्या छोट्या घरात पलंगाखाली आणि दाराआड रचलेले असतात. बाहेर आलेली पिशवी मी वर्तमानपत्रावर ठेवतो. खालची अक्षरे नीट वाचता आली नाहीत तर पाणी गढूळ आहे आणि पोटाच्या पडद्याला जंतुसंसर्ग झाला असावा, असे समजून लगेच डॉक्टरांना गाठायचे. द्रावणातली साखर शरीरात शोषली जाते, म्हणून मधुमेह असलेल्यांनी हा मुद्दा डॉक्टरांशी सविस्तर बोलावा, कारण जास्त साखर रक्तवाहिन्यांनाही नकोच असते. पिशव्यांचा खर्च बहुधा खिशातून होतो, तर मुंबईत धर्मादाय ट्रस्टच्या केंद्रांत हीमो सवलतीत मिळू शकते. घरी मदतीला कोणी नसेल, पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रिया झाल्या असतील किंवा स्वच्छ कोपरा मिळणे शक्य नसेल, तर हीमोच सुरक्षित ठरेल.

आपण निर्णय घेण्याआधी २४ तासांची लघवी मोजून घ्यावी, अशी माझी विनंती आहे. ती अजून बऱ्यापैकी होत असेल, तर मी पोटाच्या डायलिसिसकडे झुकेन आणि सांधेदुखीसाठी डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या स्वतःच्या मनाने कधीही घेणार नाही, कारण त्या शिल्लक मूत्रपिंडालाच संपवू शकतात. लघवी जवळपास बंद झाली असेल, तर माझ्या युक्तिवादाचा अर्धा आधार जातो आणि मग हीमोची चार तासांची सत्रे न चुकवणे, दोन सत्रांमधले पाणी कमी ठेवणे आणि फिस्टुलाचा (हीमोच्या सुया टोचण्यासाठी शस्त्रक्रियेने रक्तवाहिन्या जोडलेला) हात जपणे याला मी जास्त महत्त्व देईन.