जुन्या २६५ ला डांबरीवर नेण्यासाठी बसवलेलं सामान: एका हंगामानंतर

आमचा महिंद्रा २६५ डीआय जुना आहे. तीन सिलिंडर, तीस एचपी, शेतात अजून नाव ठेवायला जागा नाही. पण एक रान तासगावजवळ आणि दुसरं विट्याच्या अंगाला, त्यामुळे डांबरी चुकत नाही. ऊसतोड सुरू झाली की रात्रीचंही निघावं लागतं. म्हणून दिवाळीआधी त्रिकोणी रेडियमची पाटी, ट्रॉलीला एलईडी दिवे, मॅग्नेटचा ब्लिंकर, ब्रेकचं काम आणि नवी हुकपिन (ट्रॉली ट्रॅक्टरला जोडणारी खीळ) असं सगळं करून घेतलं. आता पावसाळा तोंडावर आलाय, म्हणजे अनुभव लिहायला हरकत नाही.

सगळ्यात पैसा वसूल त्रिकोण. मधे भगवा, कडेला लाल पट्टी. भगवा दिवसा लांबून उठून दिसतो, लाल रात्री मागच्या गाडीच्या उजेडात चमकतो. अमेरिकेत साठच्या दशकात हा त्रिकोण निघाला, तो सावकाश चालणाऱ्या वाहनांसाठीच. आमचा चुलतभाऊ म्हणाला, "दादा, हे कशाला? आपण काय ॲम्ब्युलन्स हाय का?" त्याला हिशेब सांगितला. आपण पंचवीसनं चाललोय, मागून कार ऐंशीनं येतेय. दीडशे मीटरचं अंतर दहा सेकंदांत संपतं, आणि त्यातली पहिली काही सेकंदं तर पुढचं वाहन किती हळू आहे हे कळण्यातच जातात. पाटी घेताना एकच बघा: फ्लेक्सवर छापलेली नको. शेजाऱ्यानं तसली लावली होती, उन्हाळ्यात तिचा भगवा पार पिवळट झाला. पत्र्यावर चिकटवलेली आमची अजून तशीच आहे. फक्त चिखल पुसावा लागतो, आणि तेवढं काम कुणाच्या लक्षात राहत नाही.

एलईडी दिवे चांगले. जुन्या ब्रेकलाइटचा एकेक बल्ब एकवीस वॅटचा, आमच्या म्हाताऱ्या डायनामोला तो जड जायचा. एलईडीचं ओझं त्याला जाणवतही नाही. वायर मात्र हुकाजवळ थोडी ढिली सोडा, नाहीतर पहिल्याच आखूड वळणाला सॉकेटमधून निघून येते. पण खरी अडचण दिव्यात नाही, उसात आहे. मोळ्या भरल्या की वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, ट्रॉलीच्या मागे हातभर लोंबतात आणि दोन्ही दिवे झाकून टाकतात. दुकानदार हे सांगत नाही. आम्ही लांब वायरवर आणखी एक लाल दिवा आणि रेडियमची पट्टी उसाच्या सगळ्यात मागच्या टोकाला बांधतो. दिसायला गबाळं आहे, पण मागच्याला आधी तेच दिसतं.

मागचा पांढरा, नांगरटीचा दिवा रस्त्यावर बंदच पाहिजे. मागून येणाऱ्याला वाटतं समोरून गाडी येतेय, आणि तो भलतीकडे स्टिअरिंग ओढतो. पुढचा एक दिवा गेलेला असेल तर समोरचा आपल्याला मोटारसायकल समजतो आणि तेवढीच जागा सोडतो. रात्री निघण्याआधी हे दोन्ही तपासायला मिनिट लागत नाही.

मॅग्नेटच्या ब्लिंकरला एक स्टारसुद्धा जास्त. मडगार्डचा पत्रा गोल, त्यावर रंगाचे थर, वर तीन सिलिंडरची थरथर. पहिल्या खड्ड्यांच्या रस्त्यालाच तो गायब झाला. नट-बोल्टचा घ्या.

ब्रेकवर सगळ्यात जास्त खर्च झाला आणि तोच आधी करायला हवा. डिस्क बदलल्या तेवढ्यावर थांबू नका, दोन्ही बाजू सारख्या लावून घ्या. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या मागच्या चाकाच्या ब्रेकचे वेगवेगळे पेडल असतात; मोकळ्या मैदानात दोन्ही पेडल जोडून दाबायचे आणि मातीत उठलेले चाकांचे ओरखडे बघायचे. एका बाजूचा लांब, दुसरा आखूड निघाला तर मिस्त्रीला पुन्हा खाली झोपवा. पेडल जोडणारी कडी जुन्या ट्रॅक्टरवर बहुतेक वेळा हरवलेलीच असते, कारण बांधावर वळताना एकाच चाकाचा ब्रेक लागतो आणि कडी आड येते. रस्त्यावर वेगात एकच पेडल दाबला गेला तर ट्रॅक्टर जागेवर फिरतो, उलटतोही. आमच्याकडे कडी लावल्याशिवाय आता गेट ओलांडत नाहीत.

ब्रेक कितीही चांगले केले तरी ट्रॉलीला ब्रेक नसतातच. भरलेली ट्रॉली उतारावर मागून ढकलते आणि ट्रॅक्टर आडवा घालते. डिझेल वाचवायला न्यूट्रल मारणारे आमच्या गावात अजून आहेत, त्यांना कोण समजावणार! उतार सुरू व्हायच्या आधीच खालचा गिअर टाका, ज्या गिअरवर तो चढला असता तोच. मधे क्लच दाबला तरी इंजिनाचा धरलेला जोर सुटतो.

हुकपिनबद्दल फार लिहिण्यासारखं नाही: जाड घ्या, खालची क्लिप विसरू नका. बंद पडलेलं काहीही ओढायचं असेल तर ड्रॉबारलाच, म्हणजे मागच्या खालच्या ओढपट्टीलाच बांधा. वर, अवजाराचा वरचा दांडा जिथे जोडतात त्या टॉपलिंकच्या जागी दोर लावला की पुढची चाकं उचलतात.

एवढं सगळं करूनही लांबच्या पल्ल्याला मी ट्रॅक्टर चालवत नेत नाही. पुण्याच्या पलीकडे द्यायचा असता तर ट्रकवरच चढवला असता. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर ट्रॅक्टरला तशीही बंदी आहे. ट्रकवर चढवल्यावर खालच्या गिअरमध्ये ठेवा, हँडब्रेक ओढा, चाकांना लाकडी ओंडके लावा आणि चारही बाजूंनी साखळी ताणून घ्या. दोर नको. पाच-दहा किलोमीटर गेल्यावर थांबून साखळ्या परत आवळा, तेवढ्यात त्या ढिल्या पडलेल्या असतात.